मामांना बघायला बाई आल्या

हिच्या मामांइतका सुरक्षित माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या सुरक्षिततेपायी आमच्या गोतावळ्यात जितके घोटाळे झाले तितके बेफिकीर माणसांनाही जमले नसते. ही म्हणजे माझी बायको, आणि मामा म्हणजे तिचे सख्खे मामा, माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. माणसाने संध्याकाळी आपला हुद्दा कारखान्यात ठेवून घरी यावं, अशी घरच्यांची साधी अपेक्षा असते. मामांनी ती कधी पुरी केली नाही. ते भाजी आणायला गेले तरी सेफ्टी ऑफिसर म्हणून जात आणि मुंजीला आले तरी सेफ्टी ऑफिसर म्हणून येत. कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी दारातच थबकायचे, खिशातून पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा काढायचे, तो चिमटीत धरून वारा कुठून येतोय ते बघायचे, मग समाधानाने मान डोलवायचे आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते विचारायचे. नवख्या यजमानांना वाटायचं, पाहुणे आल्या आल्या निघाले.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती, आणि लग्न ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला एका हॉलमध्ये होतं. होमाची तयारी झाली, भटजींनी समिधा रचल्या, आणि एवढ्यात मामा दोरा धरून मांडवात आले. दोरा होमाकडे कलला. हॉलच्या मागे आचाऱ्यांनी रॉकेलचे मोठाले स्टोव्ह मांडले होते आणि वारा नेमका तिकडूनच येत होता. "होम हलवा," मामा म्हणाले. भटजी म्हणाले, "दिशा ठरलेली असते. पूर्व बदलत नाही." "म्हणूनच म्हणतो, आधी वाऱ्याकडे बघा," मामा म्हणाले, "पूर्व कुठे पळून जाणार आहे?" भटजींनी समिधा उचलल्या. होम कोपऱ्यात सरकला, त्याबरोबर आम्ही दोघं सरकलो, आणि सात पावलं चालताना आमची तोंडं नक्की कोणत्या दिशेला होती हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. संसार बरा चालला आहे, त्यामुळे मीही फार चौकशी केलेली नाही.

दोऱ्यानंतरचं त्यांचं दुसरं शस्त्र म्हणजे शिट्टी. कुठल्याही समारंभात मामा बोलायला उभे राहिले की लोकांना वाटे, आता वधूवरांना दोन शब्द सांगतील. मामा सांगत, "काही झालंच, तर सगळ्यांनी धावपळ न करता गेटजवळच्या झाडाखाली जमायचं." काय होणार आहे, हे ते कधी सांगत नसत. आमच्या मुलीचं बारसं मामांच्याच डोंबिवलीच्या घरी झालं, कारण सासूबाई राहायच्या दिवा स्टेशनजवळ आणि तिथे माणसं भरपूर असत पण पाणी नसे. पाळणा सजला, बायका गाणी म्हणायला बसल्या, आणि मामांना वाटलं की एवढी माणसं एका ठिकाणी आयती सापडली आहेत तर सराव करून घ्यावा. त्यांनी शिट्टी फुंकली. सबंध बारसं जिना उतरून खाली बदामाच्या झाडाखाली उभं राहिलं. मामांनी नावं घेऊन हजेरी घेतली. एकही माणूस कमी नव्हता. मामांचा चेहरा अभिमानाने फुलला. तेवढ्यात वरून टाहो ऐकू आला. मुलीला अजून नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे ती हजेरीत नव्हती, आणि प्रत्येकीला वाटलं होतं की दुसरीने उचललं असेल! आम्ही जिन्याकडे वळेपर्यंत मामी धावत वर पोचल्याही होत्या. पण मामांनी ही गोष्ट फार मनाला लावून घेतली. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत, आणि पुढे जन्मभर त्यांनी कुठेही हजेरी घेतली तरी सुरुवात घरातल्या सगळ्यात लहान मुलापासून केली.

मामी हे कसं चालवून घेत, असं लोक मला विचारायचे. मामी मूळच्या अलिबागकडच्या. आवाज खणखणीत, आणि भांडणाची हौस दांडगी. मामांनी एकदा त्यांचं स्वयंपाकघर कारखान्याच्या शिस्तीत लावून दिलं. आम्ल एका भिंतीला, अल्क दुसऱ्या भिंतीला. म्हणजे चिंच, आमसुलं, व्हिनेगर आणि सगळी लोणची खिडकीकडे, आणि खायचा सोडा, पापडखार, चुना दाराकडे. साखर-गूळ निरुपद्रवी म्हणून मध्ये. ढोकळा करायचा झाला की मामींची येरझार सुरू व्हायची. "ह्यांच्या राज्यात लिंबू आणि सोडा एका फळीवर नांदत नाहीत," त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "आम्ही दोघं कसे नांदलो देव जाणे." मामा यावर गंभीरपणे म्हणायचे, "योग्य अंतर ठेवून."

पण मी एक पाहिलेलं आहे. एमआयडीसीत कधी अवेळी भोंगा वाजला की त्या बिल्डिंगमधली सगळी मंडळी मामांनी शिकवल्याप्रमाणे खिडक्या बंद करून बसायची. एक मामी तेवढ्या दार उघडून गॅलरीत उभ्या राहायच्या. पोळ्या अर्ध्यावर टाकून, हाताला कणीक तशीच. रस्त्याच्या वळणावर मामांची स्कूटर दिसली की आत यायच्या, हात धुवायच्या, आणि मामा दारात आले की ओरडायच्या, "कोथिंबीर आणायला सांगितलेली, तिचं काय झालं?" मग अर्धा तास कोथिंबिरीवरून कडाक्याचं भांडण व्हायचं. मामा समोर उभे राहून ऐकून घ्यायचे. त्या दिवशी त्यांच्या कारखान्यात काय झालं हे कधीही त्या भांडणात निघायचं नाही.

नव्वदच्या दशकात तो कारखाना बंद पडला आणि मामा घरी बसले. मामींनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि बाकीच्या सोसायटीचा कोंडला. इतके दिवस कारखान्याशी वाटून घेतलेले मामा आता अख्खे घरी होते. त्यांनी तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याचे कोळसे तपासले, पाण्याच्या टाकीवर चढून क्लोरीनचा अंदाज घेतला, गणपतीच्या मंडपात आरतीआधी दोरा धरला. मंडळाची मुलं चांगली होती, "काका, टेन्शन नका घेऊ, आम्ही हायेत ना," म्हणून त्यांना खुर्ची द्यायची. मामा खुर्चीवर बसायचे खरे, पण असे दिसायचे की बघवत नसे. आयुष्यभर कशासाठी तरी तयारी केलेला माणूस, आणि ते काही आता होणारच नाही! मला त्यांची फार दया यायची.

अशात एक दिवस ते इंग्रजी पेपर घेऊन माझ्याकडे ठाण्याला आले. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे हिच्या माहेरी मला परराष्ट्र खात्याचा दर्जा होता. एका परदेशी मदतसंस्थेची जाहिरात होती. भूकंप, पूर, असं काही झालं की ही मंडळी त्या त्या देशात मदतीला जात. मदत करणारे ढिगाऱ्यात शिरतात, तिथे मोडलेली गोदामं असतात, कारखाने असतात, फुटलेली पिंपं असतात; त्यात काय आहे, त्याला हात लावावा की नाही, माणसांनी कुठे उभं राहावं, हे सांगणारा घातक रसायनांचा जाणकार त्यांना हवा होता. मामा म्हणाले, "जावईबापू, हे काय आहे ते नीट वाचा. मी चार वेळा वाचलं. हे माझंच वर्णन आहे." होतंच ते. मी अर्ज करून दिला. मुंबईला एका हॉटेलात मुलाखत झाली. मामा आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते खुशीत. "मुलाखत बरी झाली, पण त्यांच्या हॉटेलचा मागचा जिना खोक्यांनी अडवलेला आहे," म्हणाले, "मी सांगून आलोय." पुढे निरोप आला की सगळं पसंत आहे, फक्त काम धोक्याचं आहे, म्हणून संस्थेच्या एक बाई घरी येऊन कुटुंबाला भेटतील आणि मग नक्की करतील.

हा निरोप मी मराठीत सांगितला त्याच क्षणी मामींनी सांडशी आपटली. "मुळीच नाही. आत्ता कुठे माणूस घरी बसलाय. आता परमुलखात जाऊन विषारी पिंपं हुंगायची? मी मेले तरी हो म्हणणार नाही." मामा म्हणाले, "अगं, हुंगायचं नसतं." यावरून आठवडाभर भांडण पुरलं. सासूबाईंनी मात्र त्या निरोपातलं एकच वाक्य पकडलं. घरी येऊन बघणार, आणि मग नक्की करणार. आमच्याकडे लोक घरी येऊन माणूस बघून नक्की करतात ते एकाच कामासाठी. सासूबाईंनी आपल्या तिन्ही मुलींची लग्नं तशीच जमवली होती. त्या सकाळीच दिव्याहून हजर झाल्या, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "कार्यक्रम आपल्याकडे आहे, तर नीट व्हायला हवा. पोहे मी करते."

आणि मग मी असा बघण्याचा कार्यक्रम पाहिला की ज्यात मुलगी म्हणून छपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, सफारी घातलेला गृहस्थ होता. दिवाणावर नवी चादर आली. मामांना आत बसवून ठेवलं, हाक मारल्यावरच बाहेर यायचं म्हणून बजावलं. बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, पायात जाड बूट. ते त्यांनी दारातच काढले यावर सासूबाई खूश झाल्या. बोलत इंग्रजी, पण ती काही त्यांची स्वतःची भाषा वाटत नव्हती, त्यामुळे माझं आणि त्यांचं छान जमलं. सासूबाईंनी हाक मारली. मामा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. आयुष्यात त्यांनी ट्रे धरलेला नव्हता. बशा किणकिणत होत्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मान खाली घालून बस." आणि सांगायला सुरुवात केली. "माझा धाकटा भाऊ आहे. स्वभावाने अगदी गरीब. कुणाच्या अध्यात ना मध्यात." मी हे भाषांतर करताना ही स्वयंपाकघराच्या दारात तोंडात पदर कोंबून उभी होती. मुलीने केलेलं भरतकाम दाखवतात तशा सासूबाईंनी कारखान्याकडून मिळालेल्या ढाली एकेक करून बाईंच्या मांडीवर ठेवल्या. "सगळं त्याने स्वतः मिळवलेलं आहे हं. शेजारून आणलेलं नाही." मग म्हणाल्या, "आता आमचं विचारते. ह्या जागेवर आधी कोण होतं?" बाई म्हणाल्या, आधी एक गृहस्थ होते, ते सोडून गेले. "का सोडून गेले? काही त्रास होता का?" बाई विचारात पडल्या. म्हणाल्या, नाही, त्यांना घरची आठवण यायची. सासूबाईंनी मामींकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मामी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि चहाही विचारायला तयार नव्हत्या.

बाईंनी मामांना एकच प्रश्न विचारला. तुमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं? मी मनात म्हटलं, आता मामा कारखान्यातल्या आगीचं सांगतील. ते आत शिरून माणसं काढून आले होते, त्याचीच एक ढाल बाईंच्या मांडीवर होती. मामांनी सांगितलं शीळफाट्याचं. ऐकून मला घाम फुटला, कारण त्या वेळी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. शीळफाट्याच्या वळणावर एक टँकर कलंडला होता. आतून काळपट काहीतरी रस्त्यावर वाहत होतं आणि आजूबाजूच्या गावातली माणसं हंडे-कळशा घेऊन धावत होती. मामांनी स्कूटर उभी केली, दोरा काढला, शिट्टी फुंकली, आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहिले. तासभर त्यांनी एका माणसाला पुढे जाऊ दिलं नाही. गाड्यांची रांग लागली. एक म्हातारी कळशी कमरेवर घेऊन ओरडत होती, "अरं दादा, गूल हाय यो! चाटून बग!" मामा म्हणत होते, "आजी, चाटायचं तर मुळीच नाही." शेवटी घाबरून पळालेला ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, काकवी आहे. लोक इतके हसले की मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. मामा शांतपणे म्हणाले होते, "आज काकवी निघाली म्हणून हसताय. हसायला सगळे आहात, हे माझं काम." हे मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. काकवीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला तेव्हा आठवलं नाही, म्हणून मी पातळ गूळ म्हणालो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, एकालाही इजा झाली नाही? "एका माझ्या जावईबापूंना थोडी लाज वाटली," मामा म्हणाले, "बाकी काही नाही."

मग मामांना एकदम आठवलं की पाहुण्यांना आपण अजून मुख्य गोष्ट सांगितलेलीच नाही. ते मान वर करून म्हणाले, "मॅडम, काही झालंच तर गेटजवळच्या बदामाखाली जमायचं." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी ओशाळत भाषांतर केलं. बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, खाली वाकून बघितलं, आणि विचारलं, "तेच का? पानं मोठी आहेत ते?" मामा म्हणाले, "तेच." बाई "ठीक" म्हणून परत येऊन बसल्या. इतक्या वर्षांत इतक्या समारंभांत मामांनी हे वाक्य म्हटलं होतं, पण झाड खरोखर कुठे आहे हे उठून बघणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं. मामांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं मन त्या कामावर बसलं आहे हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यात आधी मामींना कळलं.

बाई म्हणाल्या, मला यांच्या पत्नीशी एकट्याने बोलायचं आहे. एकट्याने म्हणजे मी धरून, कारण भाषेचा प्रश्न होता. आम्ही स्वयंपाकघरात आम्लाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. बाईंनी सरळ सांगितलं. "तुमची इच्छा नसेल तर मला आत्ता सांगा. मी त्यांना घेणार नाही. कारण दुसरंच काही सांगेन. तुमचं नाव त्यात कधीही येणार नाही." मी हे मराठीत सांगितलं. बाहेरच्या खोलीत पोह्याच्या बशीकडे बघत बसलेल्या त्या माणसाचं सगळं पुढचं आयुष्य मामींच्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द त्याला कधी कळणारही नव्हता. आठवडाभर ज्या 'मेले तरी नाही' म्हणत होत्या, त्यांना आता नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

मामी बराच वेळ ओट्यावरून फडकं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाईंना विचारा, तिथे आत पहिल्यांदा कोण जाणार?"

"तेच जाणार," बाई म्हणाल्या. "कामच ते आहे."

"आणि बाहेर कोण थांबणार?"

बाईंना प्रश्न दोनदा समजून घ्यावा लागला. मग त्या म्हणाल्या, "आमच्यापैकी एक जण बाहेर उभा असतोच. आतला माणूस बाहेर येईपर्यंत त्याने हलायचं नाही असा आमचा नियम आहे. पुष्कळदा मीच उभी असते."

"जेवणाची वेळ झाली तरी?"

"तरी."

मामींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचे करडे केस, हातावरचे डाग, सगळं पाहिलं. गॅलरीत उभं राहणारी दुसरी बाई त्यांना कधी भेटली नव्हती. "मग जाऊ देत," त्या म्हणाल्या. आणि लगेच माझ्याकडे वळून दटावलं, "पण जावईबापू, मी हो म्हटलं हे मी आहे तोवर ह्यांच्या कानावर जाता कामा नये. माझा विरोध आहे तो आहेच. मी हो म्हटलं असं कळलं तर निवांत बसतील तिकडे. मी घरी चिडून बसलेय हे माहीत असलं म्हणजे मला खोटं पाडायला धडधाकट परत येतील. हे पण सांगा बाईंना." मी सांगितलं. बाईंनी मामींचा हात हातात घेतला. मामींनी हात सोडवून चहाचं आधण ठेवलं. सोडा-लिंबाची ती दोन भिंतींची शिस्त ओलांडून आलं आणलं, साखर आणली, आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "न्यायचं तर न्या! माझं कोण ऐकतंय या घरात!"

मामा नोकरीला लागले. निघायच्या दिवशी सबंध सोसायटी गेटपाशी जमली होती. सासूबाई लेक सासरी चालल्यासारख्या रडत होत्या. मामी तिसऱ्या मजल्यावरून भांडत होत्या. "जा, जा! घर म्हणजे धर्मशाळा आहे ना! परत या, मग बघते तुमच्याकडे!" मामा टॅक्सीत बसता बसता मान वर करून, "अगं, लोक बघतायत," म्हणत होते. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तशा मामी गप्प झाल्या. मी वर गेलो तेव्हा त्या गॅलरीतच होत्या. मला म्हणाल्या, "शर्टाची बटणं सगळी घट्ट करून दिलीत मी. चहा घेणार?"

त्यानंतर काही वर्षं मामांचं असं येणं-जाणं चालू होतं. ज्यांची नावं आम्ही नकाशात शोधायचो अशा गावांना ते जाऊन आले. पराक्रम विचारला तर सांगत नसत. एकदाच खुलून सांगितलं. कुठेतरी पुरानंतर लोक गोदामातली कीटकनाशकाची रिकामी पिंपं धुऊन त्यात प्यायचं पाणी भरत होते. मामा ती गोळा करायचे आणि पुन्हा कुणी पाणी भरू नये म्हणून तळाला भोकं पाडायचे. एक आजीबाई पिंप सोडायला तयार होईनात. मिठी मारून बसल्या आणि मामांना त्यांच्या भाषेत झाडू लागल्या. "एक अक्षर कळलं नाही," मामा म्हणाले, "पण सूर ओळखीचा होता. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बोलून दमल्या तेव्हा आपणहून दिलं." मामी आतून म्हणाल्या, "बिचारीचं भलं पिंप फोडलंत." दर वेळी निघताना भांडण, दर वेळी परतल्यावर भांडण. मामा आम्हाला अभिमानाने सांगायचे, "घरातून कडाडून विरोध असताना मी हे काम केलं." मी मान डोलवायचो, आणि मामी माझ्याकडे अशा बघायच्या की माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

मामींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामा म्हातारे झालेत, कान थोडे कमी झालेत, आणि स्वभाव मऊ झालाय. गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे डोंबिवलीला गेलो होतो. जेवणं झाली, आम्ही सुपारी कातरत बसलो होतो. मामा बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "जावईबापू, सगळं मनासारखं झालं हो. एकच गोष्ट राहून राहून टोचते. दर वेळी तिच्या मनाविरुद्ध गेलो. एकदा तरी तिचं ऐकायला हवं होतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला राहवलं नाही. मामींनी घातलेली मुदतही संपली होती. मी त्यांना स्वयंपाकघरातलं सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, मामींनी काय विचारलं, आणि मग हो कसं म्हणाल्या.

मामा हातातला अडकित्ता तसाच धरून ऐकत होते. शेवटी हसले. "आणि मी गाढव!" ते म्हणाले, "परतीच्या विमानात बसलो की सबंध वाटभर तिला काय उत्तर द्यायचं तेच जुळवत यायचो. कुठल्याही देशातून निघालो तरी. चांगली चांगली उत्तरं असायची हो. दारात तिला बघितलं की एक आठवायचं नाही."

मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, ऐकू येतो तो कान माझ्याकडे केला आणि म्हणाले, "पुन्हा सांगा. बाहेर कोण थांबणार, असं विचारलं तिने?"

मी पुन्हा सांगितलं. चहाची वेळ होईपर्यंत मी तेच सांगत होतो.